कोनसमुद्रमची वडी, लंडनची सुरी

मी नोकरीत रुजू झालो त्या वर्षी कोणा अनामिक लेखनिकाच्या हातून सर्व्हिस-बुकात माझ्या आडनावाचे एक अक्षर चुकले. चूक तशी क्षुल्लक. रोमन लिपीतील एका अक्षराच्या जागी दुसरे, एवढीच. परंतु ती तेथून वेतनपत्रकात उतरली, वेतनपत्रकातून भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात आणि तेथून औषधोपचाराच्या कार्डावर. दुरुस्तीचा अर्ज केला तेव्हा, अर्जदार आणि सर्व्हिस-बुकातील इसम एकच असल्याचा पुरावा जोडा, असे उत्तर आले. प्रकरण निकालात निघण्यास चार वर्षे लागली. या चार वर्षांतच, कारकुनी चुकीचे आयुष्य फार तर किती असावे, या जिज्ञासेने मी इकडचे तिकडचे वाचीत होतो. आणि हैदराबादेस अफझलगंजातील ग्रंथालयात मला दोनशेहून अधिक वर्षे टिकलेली एक चूक सापडली. तिने नाव बिघडविले ते कोणा माणसाचे नव्हे, एका पोलादाचे. आणि ते पोलाद मी ज्या शहरी चाकरीस आहे त्याच्याच मुलखातले.

इंग्रजी ग्रंथांतून या पोलादाला 'वूट्झ' म्हणतात. धातुशास्त्राच्या पुस्तकांत, संग्रहालयांच्या सूचींत, तलवारींच्या वर्णनांत हा शब्द सर्वत्र आढळतो. मात्र हिंदुस्थानातील एकाही भाषेत पोलादाला वूट्झ म्हणत नाहीत. आपल्या मराठीत तिखे आहे, गजवेल आहे, फार्सीतून आलेले पोलाद तर आहेच. तेलुगू आणि कानडी लोहार म्हणतात 'उक्कु'. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली जो प्रसिद्ध अँग्लो-इंडियन शब्दकोश छापला, त्यात यूलने या शब्दाचे कोडे सोडविण्याचा यत्न केला आहे. त्याचा तर्क असा की, कानडीतील 'उक्कु' चा उच्चार 'वुक्कु' असा कानी पडतो. कोणी तो 'वूक' असा लिहिला असावा, आणि शेवटचे अक्षर लिहिताना किंवा वाचताना चुकून 'वूट्झ' झाले असावे. तो चक्क कारकुनी चूक असाच शब्द वापरतो. ते वाचून माझ्या अर्जाच्या फायलीविषयीची तिडीक बरीच कमी झाली, हे येथे कबूल करतो.

ही चूक ज्या कागदावरून सर्व दुनियेत पसरली तो कागदही पाहण्यासारखा आहे. मुंबईस कंपनी सरकारच्या सेवेत हेलिनस स्कॉट नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर होता. त्याला इकडच्या कलाकुसरीचे व कारागिरीचे मोठे कुतूहल. इकडच्या वैद्यांनी कापलेल्या नाकाच्या जागी नवे नाक बसविण्याची विद्या असो की चुना-रंगांची कृती असो, जे नवे दिसेल त्याचा वृत्तान्त तो लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांस लिहून पाठवी. त्याची काही पत्रे धरमपाल यांनी १९७१ साली आपल्या ग्रंथात छापली आहेत. ती मुळातून वाचण्याजोगी आहेत. १७९४ च्या सुमारास त्याने बँक्सकडे या पोलादाचे नमुने पाठविले. बँक्सने ते जॉर्ज पिअर्सन या रसायनज्ञ डॉक्टराच्या हवाली केले, आणि पिअर्सनचा निबंध १७९५ साली सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. निबंधाच्या मथळ्यातच म्हटले आहे की, हे पोलाद मुंबईस तयार होते व तेथे त्यास वूट्झ म्हणतात.

एका मथळ्यात दोन विधाने, आणि दोन्ही चूक! मुंबईस हे पोलाद कधीच होत नसे. ते होई दक्षिणेत: म्हैसूरच्या मुलखात, सेलमच्या बाजूस, आणि निजामाच्या राज्यात गोदावरीकाठच्या तेलंगणात. मुंबई हे फक्त टपालाचे ठिकाण. ज्यांनी सरकारी पत्रव्यवहार केला आहे त्यांस यात नवल वाटणार नाही. काम खेड्यातला तलाठी करतो, त्याचा अहवाल जिल्ह्याचा साहेब पाठवितो, आणि मंत्रालयाच्या टिपणीत तो साहेबाच्या मुख्यालयाच्या नावाने जमा होतो. या पोलादाच्या बाबतीत तर असे एकदा नव्हे, अनेकदा घडले. ज्या तलवारींना युरोपात 'दमास्कसच्या' म्हणून लौकिक मिळाला त्यांतील उत्तम पाती इराण आणि हिंदुस्थानात घडत; दमास्कस ही त्यांची एक बाजारपेठ होती. अरब मात्र अधिक प्रामाणिक म्हणावयाचे. त्यांच्या काव्यात चांगल्या तलवारीला 'मुहन्नद' म्हणतात, म्हणजे हिंदची.

आता पोलाद म्हणजे काय, याचे थोडे विवेचन केल्यावाचून पुढची कथा समजावयाची नाही. आपल्या स्वयंपाकघरात लोखंडाचे तीनही अवतार नांदत असत. घावन घालण्याचा बिडाचा तवा, तो पडला की फुटतो. उलथने घडीव लोखंडाचे. ते वाकते, पण फुटत नाही. आणि विळीचे पाते पोलादाचे. ते वाकूही नये, फुटूही नये आणि त्याची धार टिकावी. या तिघांत भेद आहे तो मुख्यत्वे कर्बाच्या प्रमाणाचा. घडीव लोखंडात कर्ब जवळजवळ नसतोच. बिडात तो शेकडा तीन-चार भाग असतो. पोलाद या दोहोंमध्ये: साध्या सुरीच्या पोलादात शेकडा एक भागाच्या आत, आणि आपल्या या दक्षिणी पोलादात सुमारे दीड भाग. हे दीडाचे प्रमाण साधणे ही खरी कसोटी. जुन्या लोहाराच्या भट्टीत खनिजापासून जे मिळे ते घडीव लोखंड. ते वितळण्याइतका जाळ त्याच्या भात्याला निर्माण करता येत नसे. मग या न वितळणाऱ्या लोखंडात कर्ब घालावयाचा कसा?

युरोपने याचे उत्तर दिले ते कांबीच्या रूपाने. स्वीडनच्या शुद्ध लोखंडाच्या लांब कांबी दगडी पेटीत कोळशाच्या भुकटीबरोबर थरावर थर रचावयाच्या, पेटी मातीने लिंपून बंद करावयाची आणि आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ ती तापवीत ठेवावयाची. लोखंड वितळत नाही, परंतु तापलेल्या कांबीत कर्ब बाहेरून आत हळूहळू झिरपतो. कांब बाहेर निघते तेव्हा तिच्या अंगावर फोड आलेले असतात, म्हणून तिला फोडाचे पोलाद म्हणत. यातील दोष उघड आहे: कांबीच्या सालीत कर्ब जास्त, गाभ्यात कमी. म्हणून चाकूवाले अशा कांबींचे तुकडे जुडीने बांधून, तापवून, घणाखाली एकजीव करीत व पुन्हा लांबवीत. त्यापासून कातऱ्या आणि सुऱ्या होत. तरीही पाते एका जागी कठीण तर दुसऱ्या जागी मऊ निघावयाचे. इंग्लंडात शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन नावाचा घड्याळजी होता. घड्याळाच्या कमानी या असमान पोलादामुळे दगा देत, त्याला तो कंटाळला. १७४० नंतरच्या वर्षांत त्याने फोडाच्या पोलादाचे तुकडे मातीच्या मुशीत घालून, दगडी कोळशाच्या कोकचा प्रखर जाळ देऊन, पूर्ण वितळविले. रसाची लगड ओतली आणि तीपासून कांबी ठोकल्या. युरोपात एकजिनसी पोलाद प्रथम तयार झाले ते असे. शेफील्डच्या चाकूवाल्यांनी ते फार कठीण म्हणून प्रथम नाकारले, हंट्समनने ते फ्रान्सला विकले, आणि फ्रेंच चाकू वरचढ ठरू लागले तेव्हा हेच चाकूवाले निर्यातबंदी मागू लागले, असे सांगतात.

हंट्समन जे १७४० नंतर करू लागला, तेच तत्त्व दक्षिणेतील लोहार शतकानुशतके राबवीत होते. मूस बंद करावयाची आणि तिच्यातच लोखंडाला कर्ब पाजावयाचा. तमिळनाडूतील कोडुमणल येथील उत्खननात ख्रिस्तपूर्व काळातील लोहकामाच्या भट्ट्या व मुशींचे अवशेष मिळाले आहेत. आधी करणारा श्रेष्ठ, असे मला म्हणावयाचे नाही. हंट्समनने ही कल्पना हिंदुस्थानातून घेतली असे मानण्यासही आधार नाही. परंतु दोघांच्या साधनांतील अंतर लक्षात घेतले पाहिजे. हंट्समनजवळ दगडी कोळसा व उंच धुराडे होते. इकडे लाकडाचा कोळसा, कातड्याचे भाते आणि माणसाचे दंड.

श्रीरंगपट्टण १७९९ साली पडल्यावर वेलस्लीच्या हुकमाने फ्रान्सिस बुकॅनन हा डॉक्टर म्हैसूरच्या मुलखाची पाहणी करीत हिंडला. त्याचा प्रवासवृत्तान्त १८०७ साली निघाला. त्यात पोलादाच्या भट्टीचे असे वर्णन आहे की वाचणाऱ्याने वाटल्यास भट्टी लावावी. मातीच्या मुशीत लोखंडाची एक पाचर घालीत. तिच्याबरोबर तीन रुपये भार तरवडाच्या काड्या आणि दोन हिरवी पाने. तरवड म्हणजे आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांनी भरून जाणारे तेच झुडूप! लहानपणी त्याच्या फांद्या मोडून आम्ही खेळलो. तिच्यात तलवार दडलेली आहे हे कोणाच्या ध्यानी येणार? मुशीचे तोंड मातीने लिंपले की आतली काडी जळून जाऊ शकत नाही. तिचा कोळसा होतो, आणि तो कर्ब तापलेल्या लोखंडात शिरतो. कर्ब शिरू लागला की लोखंडाचा वितळबिंदू खाली उतरतो. शुद्ध लोखंड भात्याच्या जाळाने वितळत नाही, कर्ब प्यालेले मात्र वितळते. हीच या कृतीतील सारी युक्ती.

पुढे मद्रास इलाख्यातील सनदी नोकर जोशाया मार्शल हीथ याने १८३९ साली याच कृतीवर निबंध लिहिला. वीस-चोवीस मुशी कमानीसारख्या एकीवर एक रचून अडीच तास भाता चाले, असे तो सांगतो. मग मुशी थंड करून फोडावयाच्या. आत अर्धगोल वडी निघे. तिचा माथा गुळगुळीत असून त्यावर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेषा उमटल्या असतील तर वडी साधली. भोके पडली असतील किंवा न वितळलेला तुकडा वर आला असेल तर वडी फसली. या हीथचे चरित्र आपल्यासारख्यांनी वाचावे असे आहे. नोकरी सोडून त्याने पोर्तोनोव्हो येथे लोखंडाचा कारखाना काढला. पोलादात मँगनीज घालण्याची युक्ती शोधून पेटंट घेतले. शेफील्डच्या कारखानदारांनी त्यात किंचित फेरफार करून ती बिनदिक्कत वापरली. आणि तो कोर्टकचेऱ्यांत बुडाला. अखेरचा निकाल लागला तेव्हा तो हयात नव्हता, आणि निकालही विरुद्ध गेला. असो.

वडी झाली, पण वडीपासून कांब आणि कांबीपासून सुरी करणे हे निराळे शास्त्र होते, आणि लंडनकर अडखळले ते येथेच. वडी मुशीतून निघते तेव्हा फार ठिसूळ असते. तिला घण लावला तर ती फुटावयाची. म्हणून हीथच्या वर्णनाप्रमाणे वडी प्रथम कोळशाच्या विस्तवावर, भात्याच्या वाऱ्यासमोर फिरवीत, वितळण्याच्या किंचित अलीकडच्या उष्णतेवर कित्येक तास ठेवीत. यायोगे तिच्या अंगचा जादा कर्ब थोडा जळून जाई आणि ती घण सोसू लागे. मग कांब. त्यातही मेख ही की, हे पोलाद घडते ते लालबुंद असतानाच. साधे लोखंड जितके तापवावे तितके मऊ. शेफील्डचा लोहार ते पांढरे होईतो तापवी. या कर्बाने माजलेल्या पोलादाला तसा ताव दिला तर त्याचा आतल्या आत भुगा होतो. आणि गार पडू दिले तर ते तडकते. या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टीत हलक्या हाताने ठोकावयाचे, पुन्हा तापवावयाचे, पुन्हा ठोकावयाचे. युरोपच्या लोहारांनी पांढऱ्या तावावर घाव घातले, वडीचे तुकडे उडाले, आणि पोलादातच खोट आहे असा बोभाटा झाला.

लंडनमधील एका माणसाने मात्र घाई केली नाही. जेम्स स्टोडार्ट हा स्ट्रँड रस्त्यावर शस्त्रक्रियेची हत्यारे, वस्तरे व चाकू बनविणारा कारागीर. पिअर्सनच्या प्रयोगांच्या वेळी बँक्सच्या इच्छेवरून त्याने या पोलादाच्या तुकड्यापासून बोरूचा चाकू घडविला. तापमान ठेवले ते केवळ अंधारातच दिसेल इतक्या मंद लालीचे. घडविताना दम लागला, वेळ गेला. पण धार उत्तम पोलादाच्या बरोबरीची निघाली, आणि स्टोडार्टने मत दिले की, कित्येक कामांसाठी हे पोलाद आमच्या देशात वापरतात त्याहून सरस आहे. नुसते मत देऊन तो थांबला नाही. आपल्या दुकानाच्या कार्डावर त्याने छापले की, येथील हत्यारे हिंदुस्थानच्या वूट्झ पोलादाची असून, वर्षानुवर्षे तुलना करून पाहिल्यावर ते आपण युरोपच्या सर्वोत्तम पोलादाहूनही पसंत केले आहे. व्यापाऱ्याची जाहिरात म्हणून त्यातले थोडे वजा करावे हे खरे, परंतु जाहिरातीत परक्या मुलखाच्या लोहाराची वाखाणणी करणारे व्यापारी किती?

पिअर्सनचे मात्र काय झाले पाहा. त्याने तुकडे आम्लात विरघळविले, तोलले, कसाला लावले, आणि निष्कर्ष काढला की, हे पोलाद घडीव लोखंडापासून नव्हे तर थेट खनिजापासून तयार होत असले पाहिजे. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. मुशीत पाचर पडत होती ती घडीव लोखंडाचीच. रसायनाने त्याला फसविले असे नाही. करणाऱ्याला विचारण्याची सोय त्याच्यापाशी नव्हती, कारण कागदावर गावाचे नावच नव्हते. मुंबईत शोधू गेले असते तरी सांगणारा भेटला नसता.

डेव्हिड मशेट या स्कॉटिश लोहतज्ज्ञाने या वड्या तपासून १८०५ साली कर्बाच्या आधिक्याकडे बोट दाखविले. परंतु वीज आणि चुंबकाच्या शोधांसाठी ज्याचे नाव आपण शाळेत ऐकतो तो मायकेल फॅरेडे मात्र दुसऱ्याच वाटेने गेला. तो लोहाराचा मुलगा. स्टोडार्टच्या संगतीने त्याने १८१८ च्या सुमारास पोलादाचे प्रयोग हाती घेतले. वूट्झच्या विश्लेषणात त्याला ॲल्युमिनियमच्या मातीचा अंश दिसला आणि सारा गुण त्याचाच असे त्याने ठरविले. हे अनुमान चुकले. तथापि त्या शोधाच्या ओघात त्यांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे धातू मिसळून पाहिले, आणि मिश्र पोलादाच्या पद्धतशीर अभ्यासाचा पाया घातला. त्या पोलादाचे वस्तरे करून फॅरेडे मित्रांना भेट देई. १८२२ साली छापलेल्या त्यांच्या निबंधावर स्टोडार्टच्या नावापुढे रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वाची अक्षरे आहेत. फॅरेडे त्या वेळी नुसता प्रयोगशाळेतील साहाय्यक. चाकू घडविणाऱ्याला इंग्लंडात हा मान मिळाला. ज्याच्या वडीवरून हे सारे सुरू झाले त्याच्या नावासाठी त्या निबंधात रकानाच नाही. पुढच्याच वर्षी स्टोडार्ट वारला आणि फॅरेडेही त्या वाटेवरून वळला. कर्ब हेच कारण, ही गोष्ट पॅरिसच्या टांकसाळीतील ब्रेआँ याने १८२३ मध्ये मांडली, आणि रशियात झ्लातोउस्त येथे अनोसोव्हने स्वतः मुशी लावून तसे पोलाद करून दाखविले. त्याचा ग्रंथ १८४१ चा.

आता ज्याने गावाचे नाव लिहिले त्याच्याकडे येतो. हेन्री वेस्ली व्हॉयसी हा त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या तुकडीबरोबरचा डॉक्टर आणि भूगर्भशास्त्रज्ञ. सर्वेक्षणाचा प्रमुख कर्नल लॅम्बटन. हा तोच लॅम्बटन, ज्याचे थडगे आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला आहे. गोदावरीच्या दक्षिणेस, निर्मळपासून फार दूर नाही अशा कोनसमुद्रम या गावी व्हॉयसी पोहोचला. हे गाव सध्या तेलंगणाच्या निजामाबाद जिल्ह्यात मोडते. १९५६ पर्यंत ते आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद संस्थानात, पुढे राज्यात, होते. तेथे त्याला भट्ट्यांच्या शेजारी मुक्काम ठोकून बसलेले इराणी व्यापारी भेटले. ते वड्यांची पारख करून इस्पहानकडे माल नेत. आपल्या देशात हे पोलाद करून पाहण्याचा यत्न झाला पण साधला नाही, असे त्यांनीच त्याला सांगितले. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानेही सतराव्या शतकात लिहून ठेवले आहे की, इराणात ज्या पोलादावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते ते गोवळकोंड्याच्या राज्यातून येते. वडी मधोमध कापून तिची परीक्षा करतात आणि एकेका अर्ध्यापासून तलवारीचे पाते होते. ही नक्षी रंगाची नव्हे, कोरलेलीही नव्हे. पाते घासून त्यावर हिराकसासारख्या क्षाराचे पाणी फिरविले की ती पोलादाच्या अंगातूनच वर येते. फार्सीत तिला जौहर म्हणतात.

व्हॉयसीने आणखी एक गोष्ट टिपली, आणि माझ्या मते त्याच्या टिपणातील सर्वांत मोलाची ओळ तीच. कोनसमुद्रमचे लोहार मुशीत एकाच जातीचे लोखंड घालीत नसत. मिर्तपल्लीचे लोखंड, जे काळ्या लोहवाळूपासून निघे, ते तीन भाग. आणि कोंडापूरचे, जे तांबड्या लोहमातीतून निघे, ते दोन भाग. भाता चोवीस तास चाले. वडी निघाली की तिला मातीचा लेप देऊन बारा ते सोळा तास पुन्हा तापवीत, थंड होऊ देत, आणि मऊ होईतो असे तीन-चार वेळा करीत. हैदराबादच्या रुक्ष सरकारी भाषेत सांगावयाचे तर 'दोन गावांचा माल, प्रमाण तीनास दोन.' व्हॉयसी १८२४ साली वारला. त्याचे टिपण कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८३२ साली, म्हणजे आठ वर्षांनी छापले गेले. तोवर लंडनचा उत्साह ओसरला होता.

नंतरच्या ऱ्हासाची कारणे सर्वांस ठाऊक असलेलीच. संस्थानिकांच्या फौजा मोडल्या, तलवारीची जागा बंदुकीने घेतली, १८७८ चा शस्त्रांचा कायदा आला, कोळशासाठी जंगल तोडण्यास वनकायद्यांनी आडकाठी केली. आणि १८५६ साली बेसेमरची पद्धत निघाल्यावर इंग्लंडच्या स्वस्त पोलादाच्या सळया व कांबी गावोगावच्या बाजारात येऊन पडल्या. विळी करणाऱ्या लोहाराला त्याच परवडू लागल्या. आमच्या आजोळची विळी रेल्वेच्या स्प्रिंगच्या पट्टीपासून केलेली होती, हे आजी अभिमानाने सांगे. विसाव्या शतकाच्या आरंभी ही भट्टी पेटविणारे कोणी उरले नव्हते म्हटले तरी चालेल.

परंतु कथा तेथे संपत नाही. मुशी, भाता, तरवड हे सर्व वर्णन छापील पुस्तकांत होते. तरी त्याबरहुकूम वड्या करून पाती ठोकणाऱ्यांना कधी जौहर मिळे, बहुधा मिळत नसे. अमेरिकेत आयोवा येथील धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हन आणि फ्लॉरिडातील एक पाती घडविणारा लोहार आल्फ्रेड पेंड्रे, या दोघांनी १९९० नंतरच्या दशकात वर्षानुवर्षे एकत्र काम केले. येथे पुन्हा शास्त्रज्ञ आणि लोहार ही स्टोडार्ट-फॅरेडेचीच जोडी. परंतु या वेळी फरक असा की, लोहार प्रत्येक प्रयोगात ऐरणीशी उभा होता. त्यांना आढळले ते असे. पोलादात व्हॅनेडियमसारख्या धातूचा अत्यल्प अंश असावा लागतो, शेकडा एक भागाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. वडी गोठताना हा अंश पट्ट्यापट्ट्यांनी साचतो. पुढे लोहार तापवणे, ठोकणे, निवू देणे असे फेरे करीत जातो, तसतसे कर्बाचे कठीण कण याच पट्ट्यांवर येऊन ओळीने बसतात. तीच नक्षी, आणि तीच धारेच्या अंगची सूक्ष्म करवत. व्हॅनेडियम नसेल तर कितीही कुशल हात असो, पाते कोरे निघते. हा अंश मुशीत येई तो विशिष्ट खाणींच्या खनिजातून. व्हरहोव्हनचा कयास असा की, त्या खाणींचे लोखंड मिळेनासे झाले तेव्हा चांगल्या लोहारांचीही पाती साधेनाशी झाली आणि एक-दोन पिढ्यांत विद्या विसरली गेली.

म्हणजे मथळ्यात 'मुंबई' असे लिहिले गेले तेव्हा नुसता मान चुकीच्या ठिकाणी गेला नाही. उत्तरच खोडले गेले. तुकड्यात काय आहे हे लंडनला शोधावयाचे होते, आणि ते 'कोठले' या प्रश्नात दडलेले होते. मिर्तपल्ली आणि कोंडापूरच्या लोहारांना व्हॅनेडियमचे नाव ठाऊक नव्हते, पण कोणत्या ओढ्याची वाळू चालते आणि कोणत्या टेकडीची माती तिच्यात किती मिसळावी, हे ठाऊक होते. त्यांना विचारून ते लिहून घेणारा आमच्याच सारखा एक बदलीवर आलेला सरकारी नोकर होता. पगारपत्रकात त्याचे काम डॉक्टरीचे आणि दगडधोंड्यांचे.

बाजारात आता 'डमास्कस' म्हणून चाकू मिळतात. कडक आणि मऊ अशा दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या थरावर थर ठेवून, घणाखाली जोडून, दुमडून ते करतात. त्यात कारागिरी आहे आणि ती नक्षीही देखणी दिसते. पण ती जोडाची नक्षी आहे, वडीच्या अंगची नव्हे. मागील दिवाळीत एका सहकाऱ्याने असा चाकू मोठ्या कौतुकाने आणला व दमास्कसचे पोलाद म्हणून आम्हा सर्वांस दाखविला. मी त्याला कोनसमुद्रमची हकीकत सांगू लागलो. दुपारच्या डब्याची वेळ होती, ती अर्धीच राहिली.

कोनसमुद्रम आणि त्याच्या आसपासच्या गावांत धातुमळीचे आणि फुटक्या मुशींचे ढीग आहेत. थेल्मा लो या संशोधिकेने १९८० च्या दशकात त्या खापऱ्या अभ्यासल्या. माती भाताच्या तुसाबरोबर मळलेली. तूस जळून उरलेल्या कर्बाने व गारेच्या अंशाने मूस चौदाशे अंशांच्या जाळातही तग धरी. २०१० साली बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेने आणि इंग्लंडातील एक्सेटर विद्यापीठाने मिळून तेलंगणाच्या उत्तर भागातील गावे पायी पालथी घातली. या वेळी प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर गावाचे नाव पहिल्या ओळीत आहे.